विश्लेषण : अवकाश-काळाला ‘पीळ’ पडतो का?

छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेला, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारली जाणार आहे. केंद्राने २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. दुसरीकडे, ‘टॉर्शन फील्ड’च्या नावाने आरोग्य सुधारणारी उपकरणे इंटरनेटवर विकली जातात. टॉर्शन, म्हणजे अवकाश-काळाचा पीळ, ही कल्पना खरी आहे. तिच्या नावाने केले जाणारे दावे मात्र नाहीत.

पीळ म्हणजे काय?

आइन्स्टाइनच्या १९१५ च्या सिद्धांतात वस्तुमान आणि ऊर्जा यांमुळे अवकाश-काळ वाकतो. फ्रेंच गणिती एली कार्ताँ यांनी १९२२ मध्ये त्यात पिळाची भर घातली. मिनाराच्या गोल जिन्यावर एक पूर्ण फेरी मारली, की माणूस निघाल्या जागी येत नाही, काही पायऱ्या वर पोहोचतो. पीळ पडलेल्या अवकाश-काळात बंद व्हायला हवा तो चौकोन असाच उघडा राहतो.

तो कशामुळे पडतो?

इलेक्ट्रॉनसारख्या कणांच्या अंगभूत फिरकीमुळे, म्हणजे ‘स्पिन’मुळे. ही फिरकी १९२५ मध्ये मांडली गेली आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला डेनिस शियामा व टॉम किबल यांनी तिचा पिळाशी संबंध जोडला. ग्रह किंवा कृष्णविवर स्वतःभोवती फिरते, ती गिरकी वेगळी; तिच्याने पीळ पडत नाही.

‘लायगो’ला तो दिसेल का?

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असे म्हणतात. आइन्स्टाइन-कार्ताँ सिद्धांतात नेमके उलटे आहे. स्पिन असलेला पदार्थ जिथे आहे तिथेच पीळ असतो. पदार्थाची हद्द संपली की तोही संपतो. त्याची लहर पोकळीतून प्रवास करत नाही. त्यामुळे दूरवरून येणाऱ्या गुरुत्वीय लहरींबरोबर तो औंढ्यापर्यंत पोहोचणार नाही. लॉकेटमधून निघून शरीरात शिरण्याचा प्रश्नही तिथेच मिटतो.

मग त्याचा उपयोग कुठे?

न्यूट्रॉनसारख्या कणांच्या पदार्थात पिळाचा परिणाम ठळक होण्यासाठी दर घन सेंटीमीटरमागे सुमारे १ वर ५४ शून्ये इतके ग्रॅम वस्तुमान लागते. न्यूट्रॉन ताऱ्याच्या गाभ्यातही ते साधारण १ वर १५ शून्ये इतकेच असते. विश्वाच्या अगदी आरंभी मात्र पीळ महत्त्वाचा ठरू शकतो. घनता अनंत होण्याचा प्रसंग त्यामुळे टळू शकतो, असे आंजेय ट्राउटमन यांनी १९७३ मध्ये दाखवले. हे सारे अजून कागदावर आहे. आजवर कोणत्याही प्रयोगात पीळ आढळलेला नाही.