जुलैतली रब्बी

सिएटलमध्ये जुलै महिन्यात परसबागेतल्या माणसाचा सगळा जीव टोमॅटोत अडकलेला असतो. फळं धरलेली, पण रात्री गार. त्यामुळे ती लाल व्हायला ऑगस्ट लागणार. या टोमॅटोच्या नादात एक गोष्ट हमखास राहून जाते. डिसेंबर-जानेवारीत ताटात काय असेल, हे तिथे भर उन्हाळ्यातच ठरतं.

आपल्याकडे पेरणी पावसाच्या हिशेबाने होते. उजेडाचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही, कारण पुण्या-मुंबईत सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, तर सर्वांत लहान अकरा तासांचा. सिएटल ४७.६ अंश उत्तरेला आहे. तिथे जूनमध्ये दिवस १६ तासांचा आणि डिसेंबरात जेमतेम साडेआठ तासांचा. समुद्रामुळे थंडी तशी बेताची असते, कोबीवर्गातल्या काटक भाज्या उघड्यावर तग धरतात. अडतं ते उजेडापाशी. अमेरिकेतल्या मेन राज्यातले शेतकरी-लेखक एलियट कोलमन सांगतात की दिवस १० तासांहून लहान झाला की भाज्यांची वाढ जवळजवळ थांबते. सिएटलला ही वेळ नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे येते आणि फेब्रुवारी लागेपर्यंत टिकते. नोव्हेंबरपर्यंत पोसलेली भाजी मरत नाही, वाढतही नाही. वाफा म्हणजे घराबाहेरचा फ्रिजच. लागेल तेव्हा काढावं.

मग तारखा उलट्या मोजायच्या. हिवाळी गाजर ९० दिवसांचं धरा. शरद ऋतूत ऊन मंदावतं, त्याचे १४ दिवस वाढवा. ५ नोव्हेंबरपासून मागे गेलं की २४ जुलै येतो. जाणती माणसं त्याच्याही आधी पेरून मोकळी होतात. जागेचा प्रश्न लसूण सोडवतो, कारण तो जुलैतच काढणीला येतो.

खरी कसोटी पाण्याची. सिएटल पावसाचं शहर म्हणून प्रसिद्ध असलं तरी जुलै-ऑगस्ट जवळपास कोरडे जातात. गाजराचं बी अगदी वरवर पेरावं लागतं आणि उगवायला आठवडा-दोन आठवडे घेतं. तेवढ्यात एकदा जरी वरची माती वाळली, तरी पेरणी फुकट. म्हणून वाफा भिजवून त्यावर ओलं गोणपाट अंथरतात, रोज उचलून बघतात आणि पहिला कोंब दिसताच काढून घेतात. त्यानंतर बारीक जाळी हवीच, कारण गाजरमाशीच्या अळ्या गाजरात बोगदे पाडतात. लेट्यूसची अडचण वेगळी: माती फार तापली की बी झोपूनच राहतं. ते संध्याकाळी, सावलीच्या बाजूला पेरावं.

तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी खरी खूशखबर मुळ्याची आहे. लांब पांढरा मुळा वसंतात पेरला की वाढत्या दिवसांत लगेच फुलावर येतो आणि मुळ्याऐवजी डिंगऱ्या हाती लागतात. (डिंगरीची भाजी आवडत असेल तर तक्रार नाही.) तोच जुलैअखेरीस पेरला, की दिवस लहान होत जातात आणि तो जमिनीत निवांत पोसतो. मेथी, कोथिंबीर, पालक यांचंही तसंच. जूनच्या लांबलचक दिवसांत त्यांना फुलायची घाई होते. ऑगस्टात पेरलेली जास्त दिवस कोवळी राहतात.

हे ज्ञान तिथे पुस्तकबद्ध झालं ते १९७०च्या दशकात. बिंडा कोलब्रुक यांनी सिएटलच्या आसपासच्या किनारी प्रदेशातल्या हिवाळी बागकामावर पुस्तक लिहिलं. स्टीव्ह सोलोमन यांनी १९७९मध्ये ऑरेगनमधल्या लोरेन गावात तिथल्या हवेला मानवणाऱ्या वाणांची बियाणं कंपनी काढली. त्याच दशकात, १९७३मध्ये, सिएटल महापालिकेने पिकार्डो या इटालियन कुटुंबाच्या जुन्या शेतावर सामुदायिक बागांचा उपक्रम सुरू केला. आज शहरभर पसरलेल्या या बागांना ‘पी-पॅच’ म्हणतात, त्यातला पी पिकार्डोंचा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला तिथे जमिनीचा तुकडा मिळू शकतो. अर्थात प्रतीक्षायादी असतेच.

थंडीत केल ही कोबीवर्गातली पालेभाजी गोड लागते, ही नुसती कौतुकाची गोष्ट नव्हे. गारठ्यात रोप पिष्टाची साखर करतं, त्यामुळे पेशीतलं पाणी सहज गोठत नाही. जांभळ्या कोंबांच्या ब्रोकोलीला तर थंडी खावीच लागते. जुलैत रोपं लावा, कोंब खायला थेट फेब्रुवारी-मार्च. चव अप्रतिम, पण इतके महिने जागा अडवणारं पीक लहान तुकड्यात परवडत नाही. दोन रोपं पुरे. उरलेल्या जागेत मुळा पेरावा.