हातोडा, खिळा आणि अनोळखी हात

गरजू कुटुंबाचे घर अनोळखी माणसांनी एकत्र येऊन, मजुरी न घेता बांधावे, या कल्पनेचे कौतुक बहुधा माणुसकीच्या अंगाने केले जाते आणि ते रास्तच आहे. परंतु ज्यांनी आयुष्यात धड एक खिळा ठोकलेला नाही अशी माणसे थोड्या दिवसांत राहण्याजोगे घर उभे करतात, तेव्हा त्याचे निम्मे श्रेय बांधकामाच्या पद्धतीला द्यावे लागते. अमेरिकेतील ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या संस्थेचे यश त्या पद्धतीवाचून नीट उमगत नाही.

संस्थेची पूर्वपीठिका थोडक्यात अशी. जॉर्जिया राज्यात 1942 मध्ये क्लॅरेन्स जॉर्डन प्रभृतींनी ‘कोइनोनिया’ ही शेतवसाहत वसवली. तेथे गोरे आणि कृष्णवर्णीय एकत्र राबत, आणि त्यापायी पुढील दशकात वसाहतीला बहिष्कार व हल्ले सोसावे लागले. मिलर्ड आणि लिंडा फुलर या दांपत्याने तेथेच जॉर्डन यांच्यासह बिनव्याजी घरांची योजना आखली, नंतर ती आफ्रिकेतील झैरमध्ये राबवून पाहिली आणि 1976 मध्ये संस्था स्थापन केली. घर फुकट द्यायचे नाही, नफा व व्याज न लावता त्याची किंमत हप्त्यांनी घ्यायची, तो पैसा पुढच्या घराला लावायचा आणि कुटुंबाने स्वतःही काही शे तास राबायचे, हे मूळ योजनेचे सूत्र होते. या राबण्याला ‘स्वेट इक्विटी’, म्हणजे घामाच्या रूपाने घातलेले भांडवल, म्हणतात.

खरी नवलाई मात्र भिंतीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील लाकडी घरे जाडजूड तुळयांची असत, आणि एका तुळईच्या टोकाला जीभ काढून ती दुसरीच्या खाचेत घट्ट बसवणे हे कसबी सुताराचेच काम होते. शेजारीपाजारी इर्जिकीला जमावेत तसे जमत खरे, पण ते तयार सांगाडा उचलण्यापुरते. 1830च्या दशकात शिकागो परिसरात बारीक कापीव लाकूड आणि यंत्रावर बनलेले स्वस्त खिळे यांच्या जोरावर ‘बलून फ्रेम’ रूढ झाली. तिच्यात मोजक्या जाड खांबांची जागा जवळजवळ उभ्या केलेल्या पातळ पट्ट्यांनी आणि सांध्याची जागा खिळ्याने घेतली. तिचाच पुढचा अवतार म्हणजे ‘प्लॅटफॉर्म फ्रेम’, जिच्यात आधी जमीन तयार करतात, तिच्यावरच भिंत आडवी जुळवतात आणि मग ती उभी करतात. भिंत आडवी असल्यामुळे परांची लागत नाही, शिडी लागत नाही, आणि नवखा माणूसही गुडघ्यांवर बसून निर्धास्तपणे ठोकू शकतो.

या भिंतीचे व्याकरण सोपे आहे. खाली एक आडवी पट्टी, वर एक आडवी पट्टी आणि त्यांच्यामध्ये उभ्या पट्ट्या, ज्यांना ‘स्टड’ म्हणतात. ‘टू-बाय-फोर’ म्हणून विकली जाणारी ही पट्टी रंधा मारल्यावर प्रत्यक्षात दीड इंच जाड आणि साडेतीन इंच रुंद भरते. स्टडच्या मध्यापासून पुढच्या स्टडच्या मध्यापर्यंत बहुधा 16 इंच अंतर असते, कारण वरून ठोकायचे तक्ते चार फूट रुंद असतात आणि 48 इंचांत 16 इंचांचे तीन भाग बिनचूक बसतात. अमेरिकी मोजपट्टीवर दर 16 इंचांना वेगळी खूणच छापलेली असते, त्यामुळे पहिल्यांदा आलेल्या माणसाचाही हिशेब चुकत नाही. साडेतीन इंची खिळा वाकला तर हातोड्याच्या फाट्याने उपटून शेजारी दुसरा ठोकायचा. एवढ्या स्वस्तात चूक सुधारता येणे हा या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण आहे.

जुळलेली भिंत काटकोनात आहे की नाही हे पाहण्यासाठी समोरासमोरच्या कोपऱ्यांतील दोन्ही तिरकी अंतरे मोजतात, आणि ती सारखी भरली की स्वयंसेवक वरच्या पट्टीच्या कडेने ओळीत उभे राहून म्होरक्याच्या एका हाकेसरशी अख्खी भिंत उचलतात. पाया काँक्रीटचा असेल तर खालच्या पट्टीला पाडलेली भोके पायातून वर आलेल्या बोल्टांवर बसवायची, तिरके टेकू ठोकायचे, भिंत ओळंब्यात आणायची. शेवटी भिंतींच्या डोक्यावर दुसरी आडवी पट्टी अशी ठोकायची की कोपऱ्यावर ती शेजारच्या भिंतीवर चढून दोघींना बांधून टाकील. सकाळी जिथे मोकळी जमीन होती तिथे दुपारी खोल्या दिसू लागतात. जिप्समचे तक्ते लागण्याआधी उघड्या स्टडवर शुभेच्छा लिहिण्याचीही प्रथा आहे, आणि ती अक्षरे भिंतीच्या पोटात कायमची राहतात. नळजोडणी, विजेची कामे मात्र जाणकारांकडेच असतात. 2002 मध्ये अलाबामा राज्यात साडेतीन तासांच्या आत एक घर उभे करून विक्रम झाला. विक्रम म्हणून तो ठीक, पण ज्या कुटुंबाने आपल्या भिंती स्वतः उचलायच्या त्याच्या दृष्टीने अशी घाई निरर्थकच म्हटली पाहिजे.

अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी 1984 मध्ये या संस्थेसाठी न्यूयॉर्कमधील एका पडीक इमारतीत 19 कुटुंबांसाठी घरे करण्याच्या कामात पुढाकार घेतला, आणि वर्षातला एक आठवडा या कामाला देण्याची त्यांची प्रथा 2006 मध्ये त्यांना लोणावळ्याजवळच्या मळवली परिसरात घेऊन आली. तेथे शंभर घरांचा संकल्प होता आणि देशोदेशीचे स्वयंसेवक आले होते. कार्टर यांच्या मातोश्री लिलियन वयाच्या 68 व्या वर्षी ‘पीस कोअर’मध्ये दाखल होऊन मुंबईत विक्रोळीला रुग्णसेवेसाठी राहिल्या होत्या, त्यामुळे या घराण्याचा महाराष्ट्राशी ऋणानुबंध जुनाच.

आपल्याकडील विटा-ब्लॉकांची भिंत मात्र आडवी जुळवून उचलता येत नाही. ती थराथरानेच चढते, माल आवळायला वेळ लागतो, म्हणून एका दिवसात साधारण दीड मीटरच्या वर तिला चढवत नाहीत, आणि पुढे काही दिवस तिच्यावर पाणी मारावे लागते. एक थर ओळंब्याबाहेर गेला की वरचे सगळे थर त्याच्यामागे जातात, आणि माल घट्ट झाल्यावर ती चूक खिळ्यासारखी उपटता येत नाही. त्यामुळे येथे थापी गवंड्याच्याच हाती राहते. स्वयंसेवकांच्या वाट्याला घमेली, विटा भिजवणे, वाळू चाळणे, पाणी मारणे आणि रंगकाम येते. हे काम कमी मोलाचे नाही, पण त्याची आखणी वेगळी करावी लागते. ज्या महाविद्यालयीन पथकांना किंवा गावच्या मंडळांना असे घर बांधून द्यायचे असेल, त्यांनी माणसे गोळा करण्याआधी एका अनुभवी गवंड्याला गाठून कोणते काम कोणाला झेपेल ते त्याच्याकडून ठरवून घ्यावे, आणि इतर सगळे फुकट राबत असले तरी त्याची मजुरी त्याला पूर्ण द्यावी.