अर्काने यकृत वाचले, म्हणजे नेमके काय झाले?

कावीळ म्हटली की आपल्याकडे भुईआवळी आठवते. तिचा अर्क यकृताचे रक्षण करतो, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. हे प्रयोग कसे करतात ते पाहू.

उंदरांना काही दिवस अर्क पाजतात आणि मग कार्बन टेट्राक्लोराइड देतात. हे द्रव्य मुळात फारसे क्रियाशील नाही. यकृतातील सायटोक्रोम पी-४५० गटातले एक विकर (एन्झाइम) त्याचा एक क्लोरीन अणू सोडवते आणि ट्रायक्लोरोमिथिल हा मुक्त मूलक तयार होतो. म्हणजे खरे विष यकृत स्वतःच बनवते! हा मूलक पेशीपटलातील मेदाम्लांवर तुटून पडतो, पटल फाटते आणि पेशीतले एसजीपीटी हे विकर रक्तात झिरपते. ते किती वाढले, यावरून इजा मोजतात.

अर्क पाजलेल्या उंदरांत ते कमी वाढले, तर? अर्काने मूलक टिपले असतील. किंवा पहिल्या विकरालाच अडवल्याने विष तयारच झाले नसेल. दुसऱ्या प्रकारात यकृताला बळ मिळाले असे म्हणता येत नाही. म्हणून अर्क विषानंतर देऊनही पाहावा लागतो. शोधनिबंध हाती आला की मी आधी हा क्रम शोधतो.

शिवाय आपल्याकडची बरीचशी कावीळ दूषित पाण्यातून येणाऱ्या 'ए' आणि 'ई' विषाणूंमुळे होते. तिथे कार्बन टेट्राक्लोराइडचा संबंधच नाही. ती बहुधा आपोआप बरी होते, आणि श्रेय शेवटच्या काढ्याला मिळते. गरोदर स्त्रीच्या मात्र 'ई' विषाणू जिवावर बेतू शकतो. तिथे काढ्यावर घालवलेले दिवस महाग पडतात.