सम्राटाचा वानप्रस्थ

रघुकुळातले राजे उतारवयात मुनींसारखे राहत, असे वर्णन कालिदासाने केले आहे. आपल्याकडे ही कल्पना इतकी रुळलेली आहे की, अमुक राजा मुलाच्या हाती राज्य देऊन वनात गेला असे कथेकऱ्याने सांगितले, तर श्रोत्यांपैकी कोणी मान वर करूनही पाहत नाही. युरोपच्या इतिहासात मात्र अशी उदाहरणे थोडी. आपण होऊन गादी सोडणे ही तिथल्या राजांची रीत नव्हे. म्हणूनच सोळाव्या शतकातील सम्राट पाचवा चार्ल्स याची हकीकत आजही मुद्दाम ऐकण्यासारखी आहे. आणि ती जितकी खोलात जाऊन पाहावी तितकी ती वानप्रस्थाच्या आपल्या ठरीव चित्रापासून दूर जात राहते.

चार्ल्सचा जन्म १५०० साली गेंट येथे झाला. सोळाव्या वर्षी तो स्पेनचा राजा झाला आणि एकोणिसाव्या वर्षी जर्मनीच्या संस्थानिकांनी त्याला सम्राट म्हणून निवडले. नेदरलंड, नेपल्स, सिसिली हे प्रदेश वारशाने आलेले. मेक्सिको आणि पेरू त्याच्या सरदारांनी जिंकून दिलेले. पृथ्वीला पहिली प्रदक्षिणा घालून १५२२ मध्ये परतलेले जहाज त्याच्याच आश्रयाने निघाले होते. १५२५ साली पाव्हियाच्या लढाईत त्याच्या सैन्याने खुद्द फ्रान्सच्या राजाला कैद केले. एका माणसाच्या वाट्याला याहून अधिक सत्ता त्या काळच्या युरोपात आली नव्हती.

आणि तरी ती सत्ता त्याच्या मुठीत कधी राहिली नाही. पगार न मिळालेल्या त्याच्याच फौजेने १५२७ मध्ये रोम लुटले आणि पोपला किल्ल्यात कोंडले. १५५२ मध्ये, ज्याला आपणच वर चढवले त्या सॅक्सनीच्या मॉरिसने उलटून पाठलाग केल्यामुळे, संधिवाताने जखडलेल्या सम्राटाला इन्सब्रुकहून डोलीत घालून आल्प्सच्या वाटेने पळवून न्यावे लागले. जर्मनीत एकच धर्मपंथ राहावा म्हणून त्याने तीस वर्षे झीज सोसली होती. शेवटी १५५५ मध्ये ऑग्सबर्ग येथे दोन्ही पंथांना मान्यता देणारा तह झाला. त्याची वाटाघाट त्याने धाकट्या भावावर सोपवली होती. स्वतःच्या हाताने तो करणे त्याला पटेना.

त्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १५५५ रोजी, ब्रसेल्सच्या राजवाड्यात दरबार भरला. पंचावन्न वर्षांचा सम्राट एका हातात काठी आणि दुसरा हात बावीस वर्षांच्या ऑरेंजच्या विल्यमच्या खांद्यावर ठेवून आत आला. चष्मा लावून, टिपणाचा कागद पाहत पाहत, त्याने आपल्या कारकिर्दीचा पाढा वाचला. नऊ वेळा जर्मनीत, सहा वेळा स्पेनमध्ये, सात वेळा इटलीत, दहा वेळा नेदरलंडमध्ये, चार वेळा फ्रान्समध्ये, दोनदा इंग्लंडात, दोनदा आफ्रिकेत गेलो, असा तो हिशेब होता. विजयांचा तपशील त्यात फारसा नव्हता, प्रवासाचा होता. अखेरीस, कोणावर कळत-नकळत अन्याय झाला असेल तर क्षमा करा, असे म्हणून तो खाली बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि सभाही रडत होती. (ज्या तरुणाच्या खांद्याचा त्या दिवशी आधार घेतला, तोच पुढे त्याच्या मुलाविरुद्ध नेदरलंडच्या बंडाचा पुढारी झाला. इतिहास असे योग जुळवतो. कादंबरीकाराने जुळवले असते तर आपण त्याला हसलो असतो.)

त्याने हे का केले? शरीर थकले होते, तिजोरी रिती होती, हे खरेच. परंतु त्यापलीकडे एक धर्मबुद्धीही होती. ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे राजा हा राज्याचा धनी नव्हे. जुन्या काळच्या कमाविसदाराला जसा हुजुरात हिशेब रुजू करावा लागे, तसा त्याला देवापुढे करावा लागतो. आणि तिथे मनसब, फौजफाटा, वंशावळ यांतले काही जमेस धरले जात नाही. चार्ल्सला ही जाणीव लहानपणापासून होती. टिशियनकडून त्याने जे मोठे चित्र रंगवून घेतले, त्यात स्वर्गाच्या दारी तो आणि त्याची दिवंगत राणी इझाबेला पांढऱ्या कफनीत प्रार्थना करताना दिसतात. सम्राटाचा मुकुट डोक्यावर नाही, शेजारी उतरून ठेवलेला आहे. हे चित्र १५५४ मध्ये पुरे झाले, म्हणजे ब्रसेल्सच्या दरबाराच्या आधीच. आज ते माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे.

चित्रात मुकुट उतरवणे सोपे. युस्ते येथे तो कितपत उतरला, ते पाहण्यासारखे आहे.

युस्ते म्हणजे स्पेनच्या पश्चिमेकडील एस्त्रेमादुरा प्रांतात, डोंगराच्या कुशीत वसलेला सेंट जेरोमच्या पंथाच्या साधूंचा मठ. मठाच्या चर्चला लागून चार्ल्सने आठ खोल्यांचे घर बांधवले आणि फेब्रुवारी १५५७ मध्ये तो तिथे राहायला आला. शेजघर असे बांधले होते की अंथरुणात पडल्या पडल्या त्याला वेदी दिसावी व प्रार्थना ऐकू यावी. इथवर सारे आपल्या चित्राशी जुळते. पण बरोबर सुमारे पन्नास नोकर होते आणि त्यांत बिअर गाळणारा एक खास माणूस होता! मासे, ईल माशाची पाई, तित्तिर पक्षी, मसालेदार सॉसेजे यांची ये-जा दूरदूरहून चाले. संधिवातावर तोंड बंद ठेवणे हेच औषध, असे त्याचा विश्वासू कारभारी किहादा कुरकुरत असे. सम्राट ऐकत नसे. साम्राज्य सोडता आले, जीभ सोडता येईना. त्याच्या बोटाचे एक हाड मागे जपून राहिले आहे. स्पेनमधील डॉक्टरांनी त्याची तपासणी करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला, तेव्हा संधिवात किती भयंकर होता याची खात्रीच पटली.

घड्याळांचा त्याला नाद होता. हुआनेलो तुर्रियानो नावाचा कुशल घड्याळजी त्याच्या पदरी होता आणि दोघे चाकांशी तासन् तास खेळत. दोन घड्याळे एका वेळी टोले देत नाहीत तर सगळ्या माणसांना एका पंथात आणायला मी निघालो हे केवढे वेड, असे तो म्हणाल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. गोष्ट सुंदर आहे, पण मागाहून रचलेली दिसते. जिवंतपणी आपलाच अंत्यविधी त्याने करवून घेतला, ही दुसरी गोष्ट मठाच्या साधूंनी लिहून ठेवली आहे. तिच्याविषयीही संशोधकांना शंका आहे, कारण घरातल्या माणसांच्या त्या दिवसांतील पत्रांत तिचा उल्लेख नाही. लोकांना त्यागी राजा जसा हवा असतो तसा ते करून घेतात.

पत्रे मात्र खरी आहेत आणि ती वेगळेच सांगतात. मुलगा फिलिप याने पुन्हा कारभारात लक्ष घालण्यासाठी गळ घातली, तेव्हा मठ सोडायला तो तयार झाला नाही. पण मठात बसून हुकूम सुटतच होते. अमेरिकेहून आलेली चांदी सरकारासाठी अडवून ठेवायची असताना सेव्हिलच्या अधिकाऱ्यांनी ती व्यापाऱ्यांच्या हाती जाऊ दिली, हे कळताच तो इतका संतापला की, प्रकृती साथ देती तर आपण जातीने जाऊन त्यांचा समाचार घेतला असता, असे त्याने लिहिले. आपल्या संस्थानी शहरांतील जुन्या मंडळींना हा प्रकार नवा वाटू नये. संस्थाने विलीन झाली, पुढे १९७१ मध्ये तनखेही गेले, तरी कित्येक वाड्यांतून मुजरा आणि मानपान पुष्कळ वर्षे टिकून होते. सत्ता एका सहीने जाते. सवय जायला पिढी लागते.

याच सुमारास त्याला भेटायला एक साधू आला होता, त्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. फ्रान्सिस बोर्जा हा एके काळचा गांदियाचा ड्यूक, मोठा उमराव. १५३९ मध्ये सम्राज्ञी इझाबेला वारली, तेव्हा तिचे शव ग्रानाडाला पोचवण्याचे काम त्याच्याकडे आले. तिथे पेटी उघडून, हे शव राणीचेच, अशी ग्वाही त्याला द्यायची होती. ज्या मुखाच्या सौंदर्याची वाखाणणी सारा दरबार करी ते ओळखू येईनासे झाले होते. त्यानंतर तो पहिला राहिला नाही. पत्नी निवर्तल्यावर त्याने थोरल्या मुलाला गादी दिली आणि जेझुइट संघात शिरून स्वयंपाकघरात लाकडे वाहण्यापासून सुरुवात केली. गोव्यात सेंट झेवियर ज्या संघाचा म्हणून आला तोच हा संघ. बोर्जा १५६५ मध्ये त्याचा तिसरा प्रमुख झाला. १५५६ च्या डिसेंबरात, युस्तेचे घर तयार होईपर्यंत चार्ल्स जवळच राहत असताना, हे दोघे भेटले. एकाने सगळे टाकले होते, दुसऱ्याने मुकुट तेवढा टाकला होता. बोर्जाची वाट चार्ल्सला झेपणारी नव्हती, आणि ती प्रत्येकाला झेपावी असा आग्रह धरण्यात अर्थही नाही.

पण चार्ल्सच्या निवृत्तीला जो खरा डाग लागला तो खाण्यापिण्याचा नव्हे. १५५८ च्या वसंतात वायादोलिद शहरात गुप्तपणे लूथरच्या मताने चालणारी काही माणसे सापडली. त्यांत आगुस्तिन कासाया होता. तो खुद्द चार्ल्सचा पूर्वीचा दरबारी प्रवचनकार! मे महिन्यात चार्ल्सने राज्यप्रमुख असलेल्या आपल्या मुलीला, हुआनाला, लिहिले की या लोकांना दयामाया न दाखवता शासन करा. १५२१ मध्ये वर्म्स येथे अभयपत्र पाळून आपण लूथरला जिवंत जाऊ दिले, याचा त्याला आता पश्चात्ताप होत असे. दिलेला शब्द पाळला ही त्याच्या तरुणपणीची शोभा. म्हातारपणी तीच त्याला चूक वाटू लागली. कासायाला पुढच्या वर्षी देहदंड झाला.

लूथरचे म्हणणे थोडक्यात असे की, माणसाच्या पुण्याईने त्याचा उद्धार होत नाही. ख्रिस्ताच्या बलिदानावर भरवसा टाकून देवाच्या कृपेवर विसंबणे एवढेच त्याच्या हाती आहे. रोमच्या चर्चलाही कृपा मान्य होतीच. पण सत्कर्म, संस्कार आणि चर्चची आज्ञा यांना बाजूला सारणे मान्य नव्हते. या फरकासाठी चार्ल्सचे उभे आयुष्य गेले होते.

१५५८ च्या ऑगस्टअखेर त्याला ताप भरला. तो हिवताप होता असे आता दिसते. २० सप्टेंबरला तोलेदोचा आर्चबिशप बार्तोलोमे कारांझा धावतपळत युस्तेला पोचला. मध्यरात्र उलटल्यावर त्याने मरणाऱ्या सम्राटापुढे क्रूस धरला आणि सांगितले की, सर्वांच्या वतीने जाब देणारा हा आहे. आता पाप उरले नाही, सर्व क्षमा झाली आहे. तिथे ब्रसेल्सचा हिशेब नव्हता, नऊ वेळा जर्मनी आणि सात वेळा इटली नव्हती, पाव्हिया नव्हते, युस्तेही नव्हते. चार्ल्सने इझाबेलाने मरतेवेळी धरलेला क्रूस हाती घेतला, ख्रिस्ताचे नाव घेतले आणि २१ सप्टेंबरच्या पहाटेपूर्वी प्राण सोडला.

खोलीत उभ्या असलेल्यांपैकी काहींना ते शब्द खटकले. त्यांत लूथरचा वास येतो, अशी कुजबुज झाली. ऑगस्ट १५५९ मध्ये धर्मन्यायालयाने कारांझाला अटक केली. स्पेनच्या चर्चचा तो सर्वांत मोठा अधिकारी. तरी जवळजवळ सतरा वर्षे, आधी स्पेनमध्ये आणि मग रोममध्ये, तो कैदेत राहिला. त्याच्यावरील आरोप पुष्कळ होते, त्यांत युस्तेच्या त्या रात्रीचे शब्दही होते. १५७६ च्या एप्रिलमध्ये निकाल लागला, काही विधाने मागे घ्यायला लावून त्याला सोडले आणि तीन आठवड्यांच्या आत तो वारला.

चार्ल्सने मरणापूर्वी मृत्युपत्राला पुरवणी जोडली होती. आपले शव वेदीखाली अर्धे आत, अर्धे बाहेर असे पुरावे, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्या धर्मगुरूचे पाय आपल्या छातीवर आणि मस्तकावर पडतील, अशी त्यात इच्छा होती. १५७४ मध्ये फिलिपने ते शव एस्कोरियलच्या नव्या भव्य मठात नेले. तिथल्या वेदीच्या एका बाजूला आज सम्राटाची सोन्याचा मुलामा दिलेली काशाची मूर्ती गुडघे टेकून आहे.

क्रूस फिलिपने जपून ठेवला. १५९८ च्या सप्टेंबरात, एस्कोरियलमध्ये महिने दोन महिने क्षतांनी खितपत पडल्यावर, अखेरच्या रात्री त्याने तो मागवून घेतला.