हेल्मेट नवं, पण दिसायला जुनं!



हॅलोविन जवळ आला की घरोघरी पोशाखांच्या फर्माइशी सुरू होतात आणि त्यात ‘स्टार वॉर्स’ हमखास असतं. त्यातल्या बोबा फेटचं कोरं हेल्मेट विकत मिळतं किंवा थ्रीडी प्रिंटरवर बनवता येतं. खरं काम त्यानंतरचं! हे हेल्मेट नवंकोरं दिसलं तर सगळी मजा गेली. ते वर्षानुवर्षं वापरलेलं, मार खाल्लेलं दिसायला हवं. या जुनं करण्याच्या कामाला ‘वेदरिंग’ म्हणतात.

थोडा इतिहास

१९७७ साली ‘स्टार वॉर्स’ आला. जॉर्ज लुकासला त्यातलं जग चकचकीत नको, वापरून जुनं झालेलं हवं होतं. बोबा फेटचं चिलखत राल्फ मॅक्वारी आणि जो जॉन्स्टन यांनी डिझाइन केलं. सुरुवातीला ते चक्क पांढरं होतं, नंतर जॉन्स्टनने ते रंगवलं. २४ सप्टेंबर १९७८ रोजी आपल्या बे एरियातल्या सॅन अँसेल्मोच्या मिरवणुकीत बोबा फेट लोकांसमोर आला आणि १९८० साली ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये पडद्यावर दिसला. त्या सिनेमात त्याला संवाद मोजकेच. पण कपाळावरचा पोचा आणि उडालेला रंग बघूनच कळतं की या माणसाने बऱ्याच लढाया पाहिल्यात.

आधी विचार, मग ब्रश

आजीच्या घरातलं कल्हईचं पातेलं आठवा. पळी जिथे घासते तिथली कल्हई आधी उडते आणि खालचं पितळ दिसू लागतं. कोपऱ्यात मात्र कल्हई शाबूत असते, तिथे काळपटपणा साचतो. हेल्मेटचंही तसंच. कडा, उंचवटे, जमिनीवर टेकणारी खालची किनार इथला रंग उडणार. खाचा आणि सांधे इथे मळ साचणार. प्रत्येक ओरखड्याला कारण हवं. कारण नसलेले ठिपके सगळीकडे सारखे मारले तर हेल्मेटला गोवर आल्यासारखं दिसतं!

कृती

१. हेल्मेट कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने धुवा. साच्यातून काढताना लागलेला तेलकट थर राहिला तर रंग धरत नाही. मग २२० आणि नंतर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने, पाणी लावून घासा.

२. प्रायमरचे दोन-तीन पातळ हात द्या. कॅन २५ ते ३० सेंटीमीटर लांब धरा. एकच जाड हात दिला तर ओघळ येतात.

३. आता चंदेरी रंग. हा आपला ‘धातू’. किमान २४ तास वाळू द्या.

४. जिथे धातू दिसायला हवा तिथे मास्किंग फ्लुइड स्पंजच्या तुकड्याने टिपा. हे पातळ रबर असतं, वाळल्यावर सोलून निघतं. ठिपके लहान-मोठे, वेडेवाकडे असू द्या.

५. त्यावर फिकट राखाडी किंवा पिवळसर रंग द्या. तो वाळल्यावर आधीच्या ठिपक्यांच्या कडेने पुन्हा थोडं फ्लुइड लावा आणि मग वरचा रंग द्या. घुमटाला हिरवा, काचेभोवती गडद लाल. वाळल्यावर सगळं फ्लुइड बोटाने हलकेच चोळून काढा. मधे चंदेरी, कडेला फिकट, बाहेर हिरवा असे तीन थर दिसतात. रंग खरोखर टवके जाऊन उडाल्यासारखा वाटतो.

६. मॅट क्लिअर कोटचा पातळ हात देऊन वाळू द्या. मग काळा आणि गडद तपकिरी ॲक्रिलिक रंग भरपूर पाण्यात कालवून हेल्मेटला लावा आणि लगेच ओल्या फडक्याने पुसा. खाचांमध्ये राहतो तो मळ. पुसताना फडकं वरून खाली न्या, कारण पावसाचे ओघळही तसेच येतात.

एक नियम लक्षात ठेवा. खाली लॅकर आणि वर ॲक्रिलिक चालतं. उलट केलं तर खालचा थर सुरकुतण्याची भीती असते. इथे ‘अनडू’ बटण नाही, म्हणून आधी एखाद्या प्लॅस्टिकच्या डब्यावर प्रयोग करा.

हे मात्र हसण्यावारी नेऊ नका

घासताना उडणारी रेझिन किंवा फायबरग्लासची धूळ फुफ्फुसांना घातक असते. धुळीसाठी एन-९५ मास्क चालतो, पण स्प्रेची वाफ तो अडवत नाही. त्यासाठी ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा रेस्पिरेटर हवा. दोन घटक मिसळून वापरायच्या काही क्लिअर कोटमध्ये आयसोसायनेट असतं आणि त्याने कायमचा दमा जडू शकतो. ते घरी वापरूच नका.

आपल्याकडे बरेच जण गॅरेजमध्ये स्प्रे करतात. तिथेच गॅसचा वॉटर हीटर असेल तर त्याची ज्योत वाफेला आग लावू शकते. म्हणून स्प्रे मोकळ्या हवेत करा आणि मुलांना लांब ठेवा.

आणि सर्वात महत्त्वाचं, हे शोभेचं हेल्मेट आहे. मुलांना ते घालून सायकल चालवू देऊ नका. उलट, खऱ्या सायकलच्या किंवा मोटरसायकलच्या हेल्मेटवरही हे प्रयोग करू नका. रंगातल्या द्रावकांनी त्याचं कवच कमकुवत होऊ शकतं आणि ते वरून दिसतही नाही.

वाळण्याचा वेळ धरून आठवडाभर लागतोच. तेव्हा हॅलोविनच्या आदल्या रात्री नको, आत्ताच सुरुवात करा. मुलांना ठिपके कुठे द्यायचे ते ठरवू द्या. कुठल्या लढाईत कुठला ओरखडा पडला, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं!