दर्या खवळतो बोर्डीला, झळ बसते सायवनला

सायवन म्हणजे डहाणू तालुक्याचा डोंगरपट्टा. भात, नागली, वरईचा मुलूख. ‘दर्याला उधाण आलं तर किनाऱ्यावरच्या मांगेल्याने, माच्छीने बघावं, आपल्याला काय त्याचं?’ असं इकडे सहज बोललं जातं. पण २०२१ च्या मे महिन्यातले तौक्ते वादळ आठवून बघा. लाटा आदळल्या किनाऱ्यावर, पण तिकडच्या वाडीत आणि होडीवर राबणारे हात बरेचसे सायवन, कासा, तलासरीकडच्या पाड्यांतलेच होते.

१४ मे २०२१ रोजी, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तीव्र झाला. १७ मे रोजी हे वादळ मुंबईच्या पश्चिमेकडून शंभर-दीडशे कि.मी. अंतरावरून उत्तरेला सरकले आणि त्याच रात्री गुजरातेत दीव-उना भागात जमिनीवर चढले. म्हणजे वादळ आपल्या अंगावर आलेच नाही, नुसते बाजूने गेले. तरीही पालघर जिल्ह्यात घरांची कौले-पत्रे उडाली, विजेचे खांब आडवे झाले, चिकूच्या वाड्यांना तडाखा बसला. ‘गाल कन्स्ट्रक्टर’ नावाचा मोठा तराफा नांगर सोडून वाहत आला आणि सातपाटी-वडराईच्या बाजूला रुतला. त्यावरच्या १३७ जणांची तटरक्षक दल व नौदलाने सुटका केली.

पाणी चढते कसे?

लाट मोठी होते ती वाऱ्याने. वारा जितका जोराचा आणि जितक्या लांबून पाण्यावरून घासत येतो, तितकी लाट उंच. शिवाय वादळाच्या पोटात हवेचा दाब कमी असतो. दाब एक मिलिबार उतरला की पाणी साधारण एक सेंटिमीटर वर येते. वारा किनाऱ्याकडे असला तर पाणी आणखी लोटले जाते. त्यात आपला किनारा सपाट आणि उथळ, आणि खंबायतच्या आखाताकडे जावे तशी भरती-ओहोटीतली तफावत वाढत जाते. म्हणून वादळ आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली की घात.

२०२१ ला आपण थोडक्यात वाचलो, हे फार जणांच्या ध्यानात नाही. १७ मे ला वैशाख शुद्ध पंचमी होती. अमावास्येचे उधाण ओसरून पाणी भांगाकडे चालले होते. हेच वादळ नऊ दिवसांनी, २६ मे च्या बुद्ध पौर्णिमेला आले असते तर? खाडीचे खारे पाणी बांध ओलांडून कितीतरी आत शिरले असते. तेव्हा वादळाचा इशारा ऐकला की पंचांगात तिथीही बघावी.

वाडी पडली, मजुरी गेली

डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण चिकूचे झाड मोठे व्हायला वर्षे लागतात आणि पडायला एक रात्र पुरते. मालकाच्या वाडीचा पंचनामा होतो. तौक्तेनंतर सरकारने फळबागेला हेक्टरी ५० हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, असा वाढीव दर ठरवला होता. पण फळ वेचणाऱ्या, पाट्या वाहणाऱ्या मजुराची हंगामाची मजुरी बुडाली, तिचा पंचनामा कोण करणार? ती रक्कम कोणत्याच तक्त्यात बसत नाही. अशा वेळी रोजगार हमीच्या कामाची लेखी मागणी ग्रामपंचायतीत लगेच टाकावी. तोंडी मागणीला पुरावा राहत नाही.

तीच गत खलाशांची. डहाणू-तलासरीचे अनेक तरुण गुजरातच्या बंदरांत होडीवर कामाला जातात. वादळ आले की घरच्यांना एवढेच ठाऊक असते, ‘पोरगा वेरावळकडे गेलाय.’ होडी कोणती, मालक कोण, नंबर काय, काही माहीत नसते. मग चौकशी करायची तरी कुणाकडे?

ग्रामपंचायतीने काय करावे?

पहिले म्हणजे, खलाशी म्हणून बाहेर जाणाऱ्यांची एक वही ठेवावी. नाव, होडीचा नंबर, बंदर, मालकाचा फोन. सरपंच आणि ग्रामसेवकांना याला एक पैसाही खर्च नाही.

दुसरे, पीक पाहणीत फळझाडांची नोंद आहे का, हे पावसाळ्याआधी सातबाऱ्यावर बघून घ्यावे. नोंदच नसेल तर तलाठी आणि कृषी सहायक आले तरी मदतीचे गाडे अडते. नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तरच पीक मदत मिळते. म्हणून पडलेली झाडे तोडण्याआधी फोटो काढून ठेवावेत.

तिसरे, कलंडलेले चिकूचे झाड लगेच कुऱ्हाडीखाली घालू नये. मुळे थोडी जरी जमिनीत धरून असली तरी जड फांद्या छाटाव्यात, झाड हळूहळू उभे करून टेकू द्यावा, मुळांवर माती चढवावी, कापांवर बोर्डोपेस्ट लावावी. पुष्कळदा झाड जगते.

चौथे, खाडीकाठची तिवरे आणि किनाऱ्यावरची सुरूची झाडे राखावीत. तिवराच्या मुळांत लाटेचा जोर मोडतो. सरपणासाठी एक तिवर तोडले की मागच्या भातखाचरात खारे पाणी यायला वाट झाली म्हणून समजा.

हैदराबादचे महासागर माहिती केंद्र उंच लाटांचा इशारा देते आणि हवामान खाते वादळाचा. गावात हा इशारा दवंडी देऊन, शाळेच्या फळ्यावर लिहून पाड्यापाड्यांत पोचला पाहिजे. अडचणीत जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा नंबर आहे.

शेतकरी बंधूंनो, दर्या लांब आहे हे खरे. पण त्याच्यावर पोट भरणारी माणसे आपल्याच पाड्यातली आहेत. त्यांची नावे आधी वहीत लिहून घ्या. वादळ आल्यावर लिहायला वेळ नसतो.