पंचविशीआधीची रात्र

महाराष्ट्रात बिअर प्यायला एकवीस वर्षं पूर्ण लागतात आणि कडक दारूला पंचवीस. म्हणजे पदवी हातात घेऊन कॉलेजातून बाहेर पडलेला मुलगा कायद्याच्या लेखी फार तर बिअरच्या ग्लासापर्यंत पोचलेला असतो. तरी 'कॉलेजच्या पोरांसाठी मुंबईची नाइटलाइफ' म्हटलं की यादी लोअर परळच्या पबपासून सुरू होते आणि वांद्र्याच्या पबवर संपते. ज्याला दारातच अडवायचं, त्यालाच घरचा पत्ता देण्यातला हा प्रकार.

ही यादी दिघ्यातून वाचून बघावी. दिघा म्हणजे नवी मुंबईचं ठाण्याकडचं टोक. मागे पारसिकचा डोंगर, पुढे ठाणे-बेलापूर रस्ता, मध्ये एमआयडीसीचे कारखाने, आणि इलठणपाडा, ईश्वरनगर, विष्णुनगर अशा दाटीवाटीच्या वस्त्या. ठाणे-वाशी लोकल २००४ पासून इथून धावत होती, पण थांबत नव्हती. दिघा गाव स्थानक सुरू झालं ते १२ जानेवारी २०२४ ला, अटल सेतूचं उद्घाटन झालं त्याच दिवशी. स्थानक त्याच्या कितीतरी आधी बांधून तयार होतं, आणि उद्घाटनाची वाट बघत असलेल्या त्या फलाटासमोरून गाड्या न थांबता जात होत्या. आज ठाण्याच्या, ऐरोलीच्या, वाशीच्या कॉलेजांत जाणारी इथली मुलं याच स्थानकातून निघतात आणि रात्री याच स्थानकात परततात. त्यांची रात्र किती मोठी, हे पबचा मालक ठरवत नाही, टाइमटेबल ठरवतं.

मुंबईची लोकल रात्री एकच्या सुमारास थांबते आणि पहाटे चारच्या सुमारास पुन्हा धावू लागते. मधल्या तीन तासांत शहर श्रीमंतांचं असतं. रिक्षा-टॅक्सीच्या मीटरवर रात्री बारा ते पहाटे पाच पंचवीस टक्के जादा. वरळीहून दिघ्याला यायचं तर ते भाडं एका पोराच्या आठवड्याच्या खर्चाएवढं. अर्धी रात्र म्हणूनच महाग पडते. दीड वाजता संपणारी कुठलीही मजा दिघ्याच्या मुलाला नको त्या वेळी रस्त्यावर आणून सोडते. जानेवारी २०२० मध्ये राज्य सरकारने 'मुंबई २४ तास'चा निर्णय घेतला, वांद्रे-कुर्ला संकुल, नरिमन पॉइंट अशा भागांतले मॉल आणि खाण्याची ठिकाणं रात्रभर उघडी ठेवायला मुभा दिली, तेव्हा पर्यटन, रोजगार आणि कायदा-सुव्यवस्था यांवर भरपूर चर्चा झाली. मध्यरात्रीनंतर घरी कसं जायचं, यावर तेवढी झाली नाही. दोन महिन्यांत टाळेबंदी आली आणि तो विषय तिथेच राहिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने पुन्हा स्पष्ट केलं की दारू न विकणारी दुकानं आणि हॉटेलं चोवीस तास उघडी ठेवता येतात. चहावाल्यासाठी हे चांगलं झालं. लोकल मात्र तिच्याच वेळेने धावते.

दिघ्याच्या आसपास रात्री काहीच नसतं असं कुणी समजू नये. ठाणे-बेलापूर पट्टा मुळात आगरी-कोळ्यांच्या गावांचा, आणि आगरी हळद म्हणजे लग्नाहून मोठी रात्र. मांडवात बेंजो वाजायला लागला की बोलावलेले आणि न बोलावलेले असा भेद उरत नाही. थंडीत मैदानावर फ्लडलाइट लावून टेनिस बॉलचे सामने होतात. भुर्जी-पावची गाडी असते, चायनीजची गाडी असते, परीक्षेच्या दिवसांत अभ्यासिका असते. ऐरोलीच्या आयटी पार्कांतले कॉलसेंटर तर कित्येकांची रात्र आणि फी दोन्ही भागवतात. तिथे मुलींनाही रात्रपाळी करता येते. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने रात्री साडेनऊनंतर त्यांना कामावर ठेवायला परवानगी दिली आहे, मात्र त्यांची संमती आणि घरी पोचवण्याची सोय या अटींवर. गंमत अशी की रात्री मुलीला सुखरूप घरी सोडण्याची जबाबदारी कायद्याने कामाच्या बाबतीत कुणावर तरी टाकली. मौजेच्या बाबतीत ती जिची तिच्यावर.

उघड्या आभाळाखालच्या रात्रीला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी कात्री लावली. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले मोजके दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, आणि ते दिवस गणपती-नवरात्रात खर्च होतात. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात पहाटेपर्यंत चालणाऱ्या मैफली या नियमापुढे आवरत्या घ्याव्या लागल्या. आगरी हळदही आता घड्याळ बघून थांबते, निदान थांबायला हवी. नियम योग्यच आहे. ज्याच्या खिडकीखाली डीजे लागला आहे त्याला विचारा. पण या नियमात एक फट आहे. सभागृहासारख्या बंदिस्त जागेत, आवाज बाहेर जाणार नसेल, तर ध्वनिक्षेपक रात्रीही चालतो.

मराठी कॉलेजविश्वातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात स्वस्त नाइटलाइफ या फटीत टिकून आहे. तिचं नाव एकांकिका.

ज्यांनी कधी केली नाही त्यांना वाटतं की एकांकिका म्हणजे तासाभराचं छोटं नाटक. तो तास हा तिचा सगळ्यात लहान भाग. तिच्या आधी महिना-दीड महिना तालमी असतात आणि त्या रात्रीच होतात, कारण दिवसा लेक्चर असतात, प्रॅक्टिकल असतात, पार्टटाइम नोकऱ्या असतात. संध्याकाळी सहाला कॉलेजचा हॉल मिळतो, साडेनऊला वॉचमन किल्ल्या वाजवत येतो. त्याला 'काका, फक्त एक रन' म्हणत साडेदहा केले जातात. मग गच्ची, कुणाच्या सोसायटीचं पार्किंग, देवळाचा सभामंडप. बसवणारा दादा बहुधा तीन-चार वर्षांपूर्वी याच कॉलेजातून बाहेर पडलेला असतो. तो दिवसा कुठे नोकरी करतो हे कुणाला नक्की ठाऊक नसतं आणि रात्री तो शेवटचा शब्द असतो. प्रमुख भूमिका करणारे तीन-चार, मॉबमध्ये दहा-पंधरा, आणि त्यांच्याहून जास्त पोरं बॅकस्टेजला. कुणी लेव्हल उचलतो, कुणी विंगेत पाण्याची बाटली घेऊन उभा असतो, कुणी म्युझिक ऑपरेट करतो आणि एकाच क्यूसाठी महिनाभर जागतो.

एका कॉलेजात शिकणारी पण एरवी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभी न राहणारी पोरं या बॅकस्टेजला एकत्र येतात. ठाण्याच्या बंगल्यातला मुलगा आणि दिघ्याच्या चाळीतला मुलगा सेटच्या एकाच फ्लॅटला खिळे मारतात. रात्री अकराला वडापावचे पैसे कोण देणार यावर भांडतात. शहरात रात्री तरुणांनी एकत्र यावं यासाठी मॉलवाल्यांनी कोट्यवधी खर्च केले. हे काम कॉलेजच्या जिमखान्याचं तुटपुंजं अनुदान आणि काढलेली वर्गणी करून जाते.

या सगळ्याला शिस्त लावली ती स्पर्धांनी. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासकने १९६३ मध्ये पुरुषोत्तम करंडक सुरू केला, आणि भरत नाट्य मंदिरात दर पावसाळ्यात 'अरे आवाज कुणाचा'च्या आरोळ्या घुमू लागल्या. मुंबईत आयएनटी आणि इप्टाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, अलीकडे २०१४ पासून लोकसत्ताची लोकांकिका. नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. पोरं त्याला सरळ 'सेन्सॉर' म्हणतात, आणि सरकारी कार्यालयात अर्ज कसा करतात हे अनेकांना आयुष्यात पहिल्यांदा तिथेच कळतं. वेळेची मर्यादा कडक. सेट लावायला आणि काढायला मोजून मिनिटं. नटापेक्षा बॅकस्टेजवाल्याचीच तिथे जास्त परीक्षा होते.

या रात्रींचा कळस २५ जानेवारीला होतो. गिरगावात १९७४ मध्ये स्थापन झालेल्या चतुरंग प्रतिष्ठानची सवाई एकांकिका स्पर्धा. वर्षभरात कुठल्या ना कुठल्या स्पर्धेत पहिल्या आलेल्या एकांकिकाच इथे येऊ शकतात. प्रभादेवीचं रवींद्र नाट्य मंदिर असो की माटुंग्याचं यशवंत, अंतिम फेरीचा पडदा रात्री उघडतो आणि एकामागून एक एकांकिका होत पहाट होते. परीक्षक असतात आणि प्रेक्षकांचाही कौल घेतला जातो. समोर बसलेले अर्धेअधिक प्रेक्षक स्वतः कधी तरी त्या रंगमंचावर हरलेले असतात. त्यामुळे टाळी आणि शांतता दोन्ही नेमक्या जागी पडतात. मध्यंतरात बाहेर चहाच्या टपरीपाशी जे बोलणं चालतं, त्यातली समीक्षा दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातल्यापेक्षा सरस आणि निर्दय असते.

पण मला या स्पर्धेतलं सगळ्यात शहाणपणाचं काही वाटत असेल तर ते तिचं वेळापत्रक. दिघ्यातून संध्याकाळी निघा, ठाण्याला गाडी बदला, दादर गाठा. शेवटची लोकल सुटते तेव्हा तुम्ही आत असता आणि तिची फिकीर करायचं कारण नसतं. बाहेर पडता तेव्हा पहिल्या लोकल सुरू झालेल्या असतात आणि दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिनाची सुट्टी असते. पूर्ण रात्रीचा खर्च परतीच्या तिकिटाएवढा, वर नाटकाचं तिकीट आणि चहा. मुलींसाठी हा हिशेब अधिकच महत्त्वाचा. रात्री दीडला एकटीने रिक्षा शोधण्यापेक्षा भरलेल्या सभागृहात पहाटेपर्यंत बसणं केव्हाही बरं. एरवी नऊच्या आत घरात बोलावणारे आईबाप 'सवाई आहे, सगळा ग्रुप आहे' म्हटल्यावर हो म्हणतात. सगळे नाही म्हणत, पण पुष्कळ म्हणतात.

या रात्रींतून काय निघालं? देवेंद्र पेम यांचं 'ऑल द बेस्ट' आधी एकांकिका होतं. १९९३ मध्ये दोन अंकी होऊन व्यावसायिक रंगभूमीवर आलं आणि त्याने भरत जाधव, अंकुश चौधरी, संजय नार्वेकर यांना घराघरांत नेलं. प्राजक्त देशमुख यांचं 'संगीत देवबाभळी'ही एकांकिकेतूनच वाढलं. २०१७ मध्ये ते पूर्ण नाटक झालं आणि पुढे लेखकाला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. ही नावं नेहमी सांगितली जातात. बाकीची हजारो पोरं बँकेत, शाळेत, आयटीत गेली. प्रेक्षागृहात शांत बसायला मात्र ती शिकली. मराठी नाटकाला आज जो प्रेक्षक आहे, त्यातला मोठा हिस्सा या तालमींत तयार झाला, असं मी ठामपणे म्हणेन.

दोषही आहेतच. स्पर्धेची एकांकिका म्हणून एक साचा तयार झाला आहे. एक सामाजिक प्रश्न, एक गोंगाटी मॉब, दहाव्या मिनिटाला हशा, पन्नासाव्या मिनिटाला किंकाळी, ब्लॅकआउट. व्यावसायिक लेखक-दिग्दर्शक भाड्याने आणून करंडक जिंकायची सवय लागली. २०२२ मध्ये पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही, तेव्हा बराच गदारोळ झाला. मला तो निर्णय आवडला होता. वीस वर्षांच्या मुलांचं नाटक गांभीर्याने घेतलं जातं, याचा त्याहून चांगला पुरावा कुठला? आणि खर्च. सेट, टेम्पो, लाइट्स, प्रवेश फी धरली तर छोट्या कॉलेजला एक एकांकिका उभी करणं कठीण होत चाललं आहे. ज्या कॉलेजांत दिघ्यासारख्या वस्त्यांतली मुलं जास्त, तिथला जिमखाना सगळ्यात गरीब असतो.

नवी मुंबईत यात सहज करता येईल असं एक काम आहे. वाशीत महापालिकेचं विष्णुदास भावे नाट्यगृह आहे, दिघा गाव स्थानकापासून लोकलने पंचवीसेक मिनिटांवर. नाट्यगृहाच्या चार भिंतींआड रात्रभर नाटक करायला नियम आडवा येत नाही. वर्षातून एक शनिवार-रविवारची रात्र ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कॉलेजांसाठी नाममात्र भाड्यात राखून ठेवावी, पडदा शेवटच्या लोकलच्या बराच आधी उघडावा आणि पहिली लोकल सुटेपर्यंत पाडू नये. पालिकेच्या क्रीडा व सांस्कृतिक विभागाने हे मनावर घ्यावं. आणि तोवर, ज्यांच्या घरी अठरा-वीस वर्षांचं कुणी आहे त्यांनी येत्या २५ जानेवारीला त्याला किंवा तिला रात्रभर घराबाहेर राहायची परवानगी द्यावी. तिकिटं लवकर काढावीत.